दोन सुपं

“दोन सुपं कशाला?” ताईने विचारलं.

डाव्या हाताने आईने एक सूप ताईपुढे सरकवलं आणि दुसरं माझ्यापुढे. उजवा हात पदराखाली होता. त्या हाताच्या अंगठ्याला दोन महिन्यांपूर्वी नखुरडं झालं होतं. आधी हळद लावून झाली, मग भाजलेला कांदा बांधून झाला, मग शेजारच्या जनाक्काने सांगितलेला कसलासा पाला. एवढं सगळं होईपर्यंत अंगठा वांग्यासारखा जांभळा झाला आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी नखासकट वरचं पेर काढून टाकलं. अंगठ्याचं एक पेर गेलं म्हणून बाईची चूल अडत नाही, धुणं अडत नाही. विडी मात्र अडते. विडी वळून झाली की तिचं तोंड अंगठ्याच्या नखाने आत दुमडावं लागतं. सिन्नरात आमच्या आळीतली निम्मी घरं तेव्हा बायकांच्या त्या एका नखावर चालत होती.

“दिवाळीची सुट्टी हाये तवर दोघी वळा,” आई म्हणाली. “शनिवारी कारखान्यात माल द्यायचा. बोडके चेकर काय म्हंतो ते बघू. जिच्या विड्या छाटीत कमी जातील तिनं घरी बसायचं. दुसरीनं शाळंत जायचं.”

छाट म्हणजे चेकरने नापास करून बाजूला फेकलेली विडी. पान तुमचं फाटलं, सूत सैल बसलं, तंबाखू कमी पडली, की ती विडी छाटीत जायची आणि फार छाट जायला लागली की कारखान्याचं कार्ड बंद व्हायचं. कार्ड आईच्या नावावर होतं. ते एकदा बंद झालं की नवीन मिळायला लोकांची वर्षं जात. अंगठा कापल्यापासून आळीतल्या बायांनी आपापलं काम करून आईच्या नावावर मूठ मूठ विड्या वळून दिल्या होत्या, म्हणून ते अजून चालू होतं. पण कोण कुणाला किती दिवस पुरणार?

कोपऱ्यातल्या बाजेवरून तात्या म्हणाले, “पोरींना काय जुगाराला लावती का?”

कारखान्याच्या गोदामात तंबाखूची पोती उचलून तात्यांच्या छातीचा भाता झाला होता. दोन वाक्यं सलग बोलायची तर मध्ये थांबावं लागे.

“मंग तुमी सांगा,” आई म्हणाली. “कोनतीला बसवू?”

तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

वाचणाऱ्याला वाटेल, आईने मोठा तराजू धरला. तसं काही नव्हतं. निकाल तिला माहीत होता, आळीला माहीत होता आणि मलाही माहीत होता. वत्सला, म्हणजे ताई, सातवीत होती. मागच्या वर्षी ती सगळ्या केंद्रात पहिली आली होती आणि शाळेने तिला इंग्रजी-मराठी शब्दकोश बक्षीस दिला होता. तिला शिक्षिका व्हायचं होतं. आळीतल्या लहान पोरांना ओळीने बसवून ती त्यांना पाढे म्हणायला लावायची, चुकलं तर पट्टी उगारायची आणि मारायची मात्र नाही. मी पाचवीत होते. हजेरीपटावर नाव होतं म्हणून मला विद्यार्थिनी म्हणायचं. पण विडीच्या बाबतीत देवाने माझ्या बोटांत काहीतरी घातलं होतं. सात वर्षांची असल्यापासून मी आईच्या मांडीशी बसून कापलेल्या पानांच्या कडांच्या खोट्या विड्या वळायची, आणि त्या खऱ्यांसारख्या दिसायच्या. जनाक्का आईला म्हणायची, “भागाबाई, तुझ्या धाकटीला लोक हुंड्याशिवाय घेऊन जातील गं.” आमच्याकडे मुलगी बघायला आले की पहिला प्रश्न असायचा, दिवसाला किती वळते?

तेव्हा घरी बसणार होते मी. आईला फक्त ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. चेकरच्या तोंडून निघालं म्हणजे तिच्या माथी पाप नव्हतं.

रविवारी आम्ही बसलो. रात्रभर भिजवून पोत्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं आईने काढून दिली. पत्र्याचा चौकोन पानावर ठेवायचा, कात्रीने कापायचं, चिमूट तंबाखू पसरायची, वळायचं, सूत बांधायचं, तोंड दुमडायचं. पंचवीस झाल्या की जुडी. माझ्या जुड्या आईने धुवट फडक्यात ठेवल्या, ताईच्या वेताच्या टोपलीत. दिवसभरात माझ्या चारशे झाल्या. ताईच्या अडीचशे, आणि त्याही अशा वाकड्या की काही विचारू नका. एक विडी बारीक तर दुसरी पोट सुटलेल्या सावकारासारखी. सूत कुठे खाली, कुठे वर.

“वच्छे, डोळे उघडे ठिऊन वळ,” आई म्हणाली.

“मला न्हाई जमत आई,” ताई म्हणाली. “इंदीचा हातच येगळा हाये.”

सोमवारीही तेच. जनाक्का येऊन बसली, माझी एक जुडी हातात घेऊन दाबली आणि म्हणाली, “हिची बोटं बघा. मशिन हाये मशिन.” मी खूष झाले. अकरा वर्षांच्या पोरीला कौतुक पुरतं, त्याच्यामागून काय येतंय ते दिसत नाही. ते मला दिवेलागणीला दिसलं. मी दाराबाहेर पाय धूत होते आणि आत आई तात्यांना सांगत होती, “इंदीच बसंल आता. वच्छीला बाई व्हायचंय ना, होऊ द्यावं. येकीचं तरी भलं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.

आता खरं सांगते. मला शाळेची फार गोडी होती, शिकून मोठं व्हायचं होतं, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण तसं नव्हतं. मला खो-खो खेळायचा होता. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसायचं होतं. दिवसभर घरात कणा वाकवून, तंबाखूच्या खकाण्यात शिंकत, आळीतल्या बायांच्या सासवांच्या तक्रारी ऐकत मला बसायचं नव्हतं. पुस्तकाचा त्यात काही संबंध नव्हता.

मंगळवारी मी युक्ती काढली. युक्ती माझी नव्हती. तंबाखू वाचवायला आळीतल्या दोघी-तिघी तसं करायच्या आणि चेकरच्या शिव्या खायच्या. विडीच्या दोन्ही टोकांना तंबाखू नीट भरायची आणि मधे पोटात पोकळ ठेवायची. बाहेरून विडी ताठ, देखणी. बघून कुणाला काही कळत नाही. जुडी हातात घेऊन मधोमध दाबणाऱ्याला मात्र कळतं, आणि बोडके चेकर जुडी दाबल्याशिवाय पुढे जात नसे.

अडचण एकच होती. वाचलेल्या तंबाखूचं काय करायचं? आईने मापून दिलेली होती. सुपात उरली तर तिला दिसणार. मग मी ती चिमटी चिमटीने फ्रॉकच्या खिशात टाकायची आणि परसाकडे जाताना ओढ्यात झटकून यायची. जमलं. आई माझ्या जुड्या फडक्यात रचायची आणि म्हणायची, “छान झाल्या गं.” मी खाली मान घालून पुढचं पान उचलायची.

बुधवारी सकाळी ताईने धुणं काढलं. मी नळावरून हंडा घेऊन आले तेव्हा ती दगडापाशी उकिडवी बसली होती आणि माझ्या फ्रॉकचा खिसा उलटा करून बघत होती.

“खिशात काय काय भरतीस गं?” ती म्हणाली.

“चिंचोके,” मी म्हणाले.

तिने खिसा सुलटा केला, फ्रॉक पाण्यात बुडवला आणि धोपटायला लागली. जरा जास्तच वेळ धोपटत होती.

दुपारी जेवणं झाल्यावर आई कारखान्याकडे सूत आणायला गेली. ताई उंबऱ्यावर बसून शाईच्या पेनाने काहीतरी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने त्याच्यावर फुंकर घातली.

“काय लिवती?” मी विचारलं.

“काय न्हाई. तुझं इंग्रजीचं पुस्तक आन.”

“आत्ता? सुट्टीत?”

“आन म्हनते ना.”

इंग्रजी आम्हाला पाचवीपासून असायचं. पाच महिने झाले तरी माझं बी आणि डी उलटंसुलटं होत होतं. ताईने त्या दुपारी पान कापता कापता माझ्याकडून पहिले चार धडे वाचून घेतले. चुकले की पट्टी उगारायची. एकदा खरोखरच मारली. मी रडकुंडीला आले.

“मला कशाला शिकवती?” मी म्हणाले. “मी तर घरी बसनारे.”

“कुनाला ठाऊक,” ताई म्हणाली. “पुढं वाच.”

आणि बुधवारपासून ताईचा हात बसला. इतका की आई चकित झाली. वाकड्या विड्या सरळ झाल्या, सूत एका रेषेत यायला लागलं, अडीचशेच्या साडेतीनशे झाल्या. “वच्छे, आत्ता कसं! मन लावलं की जमतं,” आई म्हणाली. ताई हसली. मी मनात म्हटलं, देव पावला, आता दोन्हीकडून माझंच काम होतंय.

शनिवारी सकाळी आम्ही तिघी कारखान्यावर गेलो. पडवीत बायांची रांग होती. बोडके चेकर पाटावर मांडी घालून बसला होता, शेजारी छाटीचा डालगा. आईचा नंबर आला तसं तिने आधी माझं फडकं सोडलं. मुद्दामच. चांगला माल आधी दाखवायचा ही आमच्यातली रीत.

“वा भागाबाई,” तो म्हणाला, “माल तर झकास दिसतो. कुनी वळला?”

“धाकटीनं,” आई म्हणाली. तिचा आवाज अभिमानाचा होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्याने जुडी उचलली, मधोमध दाबली आणि भुवई वर केली. दुसरी दाबली. मग एक विडी ओढून काढली आणि मोडली. टोकाची तंबाखू खाली पडली. मधून काहीच पडलं नाही.

“पोटात वारा भरला काय हिनं?” तो म्हणाला.

मागच्या बाया हसल्या. त्याने आणखी एक मोडली, आणखी एक. मग मोडायचंही सोडलं, जुड्या नुसत्या दाबायच्या आणि डालग्यात टाकायच्या. रविवार-सोमवारच्या तेवढ्या राहिल्या. मी आईच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ती रागावली नव्हती. बाजारात ओळखीचा माणूस ओळख न दाखवता निघून गेल्यावर बघावं, तशी ती माझ्या बोटांकडे बघत होती.

ताईच्या टोपलीतल्या तळाच्या वाकड्या काही गेल्या. बाकी सगळ्या पास झाल्या.

“मोठीला बसवा,” बोडके चेकर म्हणाला. “हात कच्चा हाये, पन इमानदार हाये.”

घरी येताना आई वेशीपर्यंत पुढे पुढे चालत राहिली. मग थांबली. “इंदे, तुझा हात बिघडला कसा गं?”

“मला न्हाई म्हाईत.”

“जनीची दिष्ट लागली,” आई म्हणाली. “मेली मशिन मशिन करत व्हती.”

तिन्हीसांजेला तिने माझी दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या डाव्या मुठीत घेऊन तिने त्या माझ्या डोक्यावरून नाही, दोन्ही हातांच्या बोटांवरून ओवाळल्या. एकेका बोटावरून. मीठ ताईनेच आणून दिलं. चुलीत मोहऱ्या तडतडल्या आणि आई म्हणाली, “बघ, किती लागली व्हती.” ताई माझ्याकडे बघत होती. मी चुलीकडे बघत होते.

एक शब्द बोलायचा होता. तेव्हा बोलता आला असता.

रविवारी ताईने तो शब्दकोश माझ्या दप्तरात घातला. “मला आता काय करायचा?” म्हणाली. पहिल्या पानावर तिचं नाव होतं आणि त्याच्या खाली माझं. सोमवारी शाळा उघडली. मी गेले. चिंचेखाली बसले, खो-खो खेळले, आणि तिसऱ्या दिवशीच मला त्याचा कंटाळा आला. पण तो कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

आठवड्याने कुलथेबाई घरी आल्या. सातवीच्या वर्गशिक्षिका. पायरीवर चप्पल काढून आत आल्या आणि आईच्या समोर, खाली जमिनीवर बसल्या.

“वत्सला शाळेत का येत नाही?”

आईने पदराखालून हात काढून दाखवला. बाईंनी तो बघितला. मग म्हणाल्या, “मला कळतंय. पण मार्चपर्यंत तरी पाठवा. सातवीची परीक्षा देऊ दे तिला. माझी एवढ्या वर्षांतली सगळ्यात हुशार मुलगी आहे ती. भागाबाई, ही मुलगी वाया घालवू नका हो.”

आईचे डोळे भरले. तिने ताईकडे बघितलं. मला वाटलं, आता आई म्हणणार, जाऊ दे हिला, इंदीला बसवते. मी भिंतीला चिकटले.

ताई सूप बाजूला ठेवून उठली. “बाई, मलाच शाळा नको वाटती,” ती म्हणाली. “मला गनित जमत न्हाई.”

सातवीत गणितात तिला कधी पंच्याण्णवच्या खाली गुण नव्हते. बाईंना ते माहीत होतं, कारण गुण त्यांनीच दिले होते. त्या ताईकडे बघत राहिल्या. मग उठल्या. दाराशी त्यांची नजर माझ्यावर पडली.

“तू धाकटी ना? इंदुमती? तू तरी नीट शीक.”

मी मान हलवली. हो म्हणाले. तोंडात दुसरा शब्द होता, तो गिळला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक त्या पोकळ विड्या नव्हेत. त्या अकरा वर्षांच्या पोरीने वळल्या, तिला खो-खो खेळायचा होता. त्या दाराशी मी गप्प बसले, ती चूक. तेव्हा मला सगळं कळत होतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मी नीट शिकले. दुसरं करायला तोंड कुठे होतं? डी.एड. झाले, मास्तरीण झाले, आता मुख्याध्यापिका आहे. ताईला सतराव्या वर्षी बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, किती वळते? आईने सांगितलं, हजार. लग्न त्याच गावात झालं. ती अजून वळते. मी तिच्या लेकीच्या लग्नात साड्या केल्या, तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला पैसे दिले, दर दिवाळीला गेले. लोक म्हणतात, बहीण असावी तर अशी. मी ऐकून घेते.

मागच्या वर्षी ताईची नात ईश्वरी सुट्टीत माझ्याकडे राहायला आली. तेव्हा ती सातवीत होती. मोबाइलवर शब्दांचे अर्थ बघत होती, म्हणून मी तिला म्हटलं, तुझ्या आजीचा शब्दकोश आहे, तो घे. कपाटातून काढून दिला. तिने पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. हल्लीच्या पोरांना काहीही मोठ्याने वाचायची सवय.

“कुमारी वत्सला, इयत्ता सहावी, केंद्रात प्रथम. मग खाली, कुमारी इंदुमती, इयत्ता पाचवी. वार बुधवार, दिनांक एकतीस दहा एकोणऐंशी. मावशीआजी, वार कशाला लिहायचे गं?”

“शाळेत फळ्यावर लिहितात ना, म्हणून. तुझ्या आजीला तशी सवय होती,” मी म्हणाले. आणि मग थांबले.

ते पान मी शेकडो वेळा उघडलं होतं. ती ओळ कधी वाचली नव्हती. शाळा उघडली ती पाच नोव्हेंबरला, सोमवारी. चेकरकडे आम्ही गेलो शनिवारी. माझं नाव शब्दकोशावर पडलं त्याच्या तीन दिवस आधी. त्या बुधवारी सकाळी ताईने माझा फ्रॉक धुतला होता.

दुसऱ्या दिवशी मी ईश्वरीला घेऊन सिन्नरला गेले. ताई ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसली होती. आता नजर कमी झालीय, पण तिला बघायला लागत नाही. ईश्वरी आत पळाली. मी शब्दकोश ताईपुढे उघडला.

“ताई, हे बुधवारी लिहिलंस तू.”

तिने चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं. “आसंल.”

“तुला माहीत होतं.”

“खिसा तंबाखूनं भरलेला. चिंचोके म्हनं.” ती हसली. पुढचे दोन दात पडले आहेत तिचे. “खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलायचं.”

“मग आईला का नाही सांगितलंस?”

ताईने पान कापलं, तंबाखू पसरली. मला वाटलं आता म्हणेल, तू लहान होतीस, जाऊ दे. मी त्याला तयार होते. पंचेचाळीस वर्षं मी त्याचीच वाट बघत होते बहुतेक.

“कोनत्या तोंडानं सांगू?” ती म्हणाली. “मीच रविवारपास्नं वाकड्या वळत व्हते.”

मला आधी कळलंच नाही.

“मला काय वळता येत नव्हतं? तुझ्या आधी मी शिकले आईकडं. रविवारी आईनं दोन सुपं मांडली तवाच मी ठरवलं. मला शाळा सोडायची नव्हती. तू बसलीस तर बस.” तिने सूत बांधलं. “मंग बुधवारी तुझा खिसा घावला. म्हनलं, दोघींनी बिघडवल्या तर शनिवारी आईचं कार्ड जातंय. तात्या बाजेवर. खायचं काय? येकीनं तरी नीट वळायला पायजे व्हतं.”

“मग मीच का नाही? तू येऊन मला दटावायचं, कानफटात मारायची. मी वळल्या असत्या.”

“वळल्या असत्यास,” ती म्हणाली. “पन मग जन्मभर मी तुझ्याकडं कसं बघितलं असतं? मी पन तेच करत व्हते ना.”

आत ईश्वरी कुठलंसं गाणं लावून बसली होती. ओसरीपुढून एक दूधवाला गेला.

“मी बोलायला पाहिजे होतं,” मी म्हणाले. “कुलथेबाई आल्या त्या दिवशी तरी. तू शिक्षिका झाली असतीस, ताई.”

मी म्हणाले ते ती नाकारेल म्हणून. नशिबाचं असतं गं, असं काहीतरी. तिने हातातली विडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“व्हय,” ती म्हणाली. “झाले असते. तुझ्यापेक्षा चांगली झाले असते.”

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिने थोडा वेळ मला रडू दिलं, मग सूप दोघींच्या मधे ओढलं.

“पान वाळतंय,” म्हणाली. “बसलीच हायेस तर चार वळू लाग.”

मी पान उचललं. इतक्या वर्षांनी कात्री चुकेल असं वाटलं होतं, चुकली नाही. तंबाखू पसरली. बोटं आपोआप फिरली. सूत बसलं, जिथे बसायचं तिथेच. पण तोंड काही दुमडेना. माझ्या अंगठ्याचं नख आखूड कापलेलं होतं, हातात खडू धरणाऱ्या बाईचं असतं तसं. दोनदा प्रयत्न केला, पान उसवायला लागलं.

ताईने माझ्या हातातून विडी काढून घेतली. आधी दोन बोटांत धरून तिचं पोट दाबून बघितलं. मग आपल्या लांब नखाने तोंड आत दुमडलं आणि ती जुडीत घातली.